सुनेला दिलेली मशेरी

इब्रामपुरात देवकीकाकींच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. फणसाच्या वाळक्या पानात तंबाखू गुंडाळून ही बाई विडी ओढायची, तीही पेटतं टोक तोंडात घेऊन. शेत खुरपताना हात मोकळे राहतात, वाऱ्याने विझत नाही, वडीलधाऱ्यांना दिसत नाही. सासूने असंच शिकवलेलं. नवरा शांताराम म्हणायचा, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

सून प्राजक्ता गरोदर असताना तिची दाढ ठणकू लागली. काकींनी मायेने तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, कुटली आणि बोटाने तिच्या हिरडीवर चोळली. ठणका थांबला. मशेरी मात्र सुटली नाही. चहाआधी, जेवणानंतर, मग उगाचच. करायला गेल्या गणपती, झाला मारुती! मला त्या बाईचा राग येतो आणि कीवही.

यंदा प्राजक्ताच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. काकींचा मुलगा परेश बायकोला डिचोलीला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाला, तशा काकीही गाडीत जाऊन बसल्या.

मशेरी कशी सुरू झाली, असं डॉक्टर संजनांनी विचारलं.

"मियाच लावूक लागलंय," प्राजक्ता खाली बघत म्हणाली.

काकींना ते सोसवलं नाही. "खोटा सांगता ता! मिया लायलंय तिच्या तोंडात. माझ्या ह्या बोटान."

"भाजली म्हणून तंबाखू औषध होत नाही, काकी. ओढा, चघळा, नाहीतर घासा, कॅन्सरचा धोका आहेच. हिच्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासू. तुम्ही काय घेता?"

काकींनी सांगितलं. पेटतं टोक आत, हे ऐकताच डॉक्टर उठल्या. "तोंड उघडा."

टाळू पांढरी पडलेली, मधोमध लाल जखम. दुखत नव्हती, म्हणून कुणी बघितलीच नव्हती. त्यांचाही तुकडा तपासायला गेला.

अहवाल घ्यायला तिघं पुन्हा डिचोलीला गेली. प्राजक्ताच्या चट्ट्यात कॅन्सर निघाला नाही. मशेरी सोडून तपासणीला येत राहा, एवढंच सांगितलं. काकींच्या टाळूत निघाला. परेशला तिथेच रडू कोसळलं.

"कित्या रडतस रे?" काकी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. "देव चुकलो नाय. जेचा तेका दिल्यान."

आपण सुटलो याचा झालेला आनंद प्राजक्ताला सासूसमोर तोंडावर आणवेना.