धनीरामनं मॅटवर पानी मारलं

धनीराम आमच्या कॉलेजचा मैदानवाला. मी तिथंच शिपाई आहो, म्हनून पाहूनच सांगतो, कबड्डीचं मैदान बनवावं तर त्यानंच. घरचा धंदा मासेमारीचा, तलावाची गाळमाती त्याले हातानंच समजे. उन्हाळ्यात ती माती आनायची, तिच्यात धानाचा भुसा मिसळायचा अन् सामन्याच्या सकाळी पानी मारून रोलर फिरवायचा. पोरींचे गुडघे फुटू नये म्हनून. वीस वर्षांत एक सकाळ चुकला नाही.

त्याची पोरगी रंजू आमच्याच कॉलेजात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले, संघाची कॅप्टन. पवनी, तुमसर, लाखनीच्या कॉलेजांशी सामने होत. सकाळच्या एसटीनं जायचं, भांडून-खेळून संध्याकाळी वापस.

मंग नागपूरचा एक बिल्डर संस्थेत घुसला. त्यानं पैसा ओतला अन् कॉलेज भंडाऱ्याचा गट सोडून नागपूरच्या मोठ्या गटात गेलं. पवनीवाल्यांशी खेळनं बंद. काय मिरवलं लेकांनी! मॅट आली, बूट आले, बाहेरून पाच पोरी आल्या. त्याइले फी माफ, होस्टेल फुकट, वरून महिन्याले पैसे. पहिल्याच सामन्यात रंजू बाकावर बसली.

"सर, माझं काय चुकलं?" तिनं खेळाच्या भोजराज सरांले विचारलं.

सर मानूस वाईट नाही. म्हनले, "काहीच नाही चुकलं बेटा. यादी वरूनच आली."

शेवटचं वर्ष, अन् खेळाले भेटत नाही. रंजू दोन दिवस जेवली नाही.

दुसरा सामना आमच्याच कॉलेजच्या मैदानावर होता. जुन्या मातीच्या बाजूले मॅट टाकली होती. सकाळी धनीरामनं पाईप लावला. हात चालत होते, डोकं पोरीत अडकलं होतं. मातीवर पानी मारलं, तसंच मॅटवर मारलं, वरून भुसाही टाकला! अरे बाप्पा! त्या मॅटवर कोनाले उभं राहाले येईना. पंच म्हने, मातीवर खेळा, नाहीतर सामना रद्द. समोरचा संघ तयार झाला. आमच्या बाहेरच्या पोरी म्हनल्या, "मातीत गुडघे फोडायला आम्ही नाही आलो."

मंग रंजू उतरली, अनवानी. एकटीनं अकरा पॉइंट आनले. आमी जिंकलो. मी एवढा ओरडलो का घसाच बसला.

सामना संपला अन् साऱ्यांनी धनीरामले धरलं, हे मुद्दाम केलं म्हनून. तो रंजूच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होता, "पोरीची शपथ, सवयीनं झालं." मी त्याले वीस वर्षं पाहून राहिलो, तो खोटं बोलनारा नाही. पन आयकते कोन? त्याले मैदानावरून काढून पान्याच्या टाकीवर लावलं. राग आला मले, पन शिपायाचा राग कोन मोजते?

आठ दिवसांनी पुढच्या सामन्याची यादी लागली. रंजू पुन्हा बाकावर. अकरा पॉइंट करूनही!

ती टाकीजवळ बापापाशी आली. मी तिथंच होतो. म्हनाली, "बाबा, आता मुद्दाम मारा पानी."

धनीराम खाली पाहत म्हनला, "बाई, हा सामना नागपूरले हाय. तिथं मले कोन आत येऊ देते?"