मनात आलेलं मोठ्याने

पुलाची चढण संपली तरी थोरलीचा राग उतरला नव्हता. बस बंद होत्या, म्हणून दोघी जावा पायीच घरी निघाल्या होत्या. थोरलीच्या कचेरीशेजारच्या शाळेत शिकवणाऱ्या धाकटीच्या हातात दोघींचे डबे, आणि थोरलीचे हात बोलण्यासाठी मोकळे.

"ताई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. आख्ख्या कचेरीने ऐकलंय, आता रस्त्याने ऐकलं तर काय बिघडलं?"

थोरली सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत होती. सगळ्यांच्या रजा, बदल्या, बढत्या तिच्या टेबलावरून जात. त्या कामासाठी नवं सॉफ्टवेअर आलं. ते वापरायला सोपं आहे का हे पाहायला तिला संगणकासमोर बसवलं. कंपनीची मुलगी गोड बोलली, "काकू, परीक्षा तुमची नाही, सॉफ्टवेअरची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा."

लग्न झाल्यापासून थोरलीला जो तो 'जरा गप्प बस' सांगत आलेला. बोल म्हणणारं हे पहिलंच माणूस. मग काय, ती बोलत सुटली.

बाळंतपणाच्या रजेपाशी गाडी अडली. बाळाचं नाव घातल्याशिवाय पडदा पुढे सरकेना. चौकट रिकामी ठेवली की लाल रेघ. थोरलीला शाखेतली टायपिस्ट आठवली. तिचं बाळ जन्मल्या दिवशीच गेलेलं. तोंडातून निघून गेलं, "जिचं बाळ राहिलंच नाही तिने इथे काय लिहायचं? हे बनवणारा आईच्या पोटी जन्मला की आभाळातून पडला?"

सगळं रेकॉर्ड होत होतं. साहेबांनी ते भर बैठकीत लावलं. लोक पोट धरधरून हसले. त्या चौकटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बाई उद्धट आहे, एवढंच ठरलं. उद्या सगळ्यांसमोर तिने शब्द मागे घ्यायचे, सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही म्हणायचं. नाहीतर टेबल सोडून तळघरातल्या जुन्या फायलींत जायचं.

"घ्या ना मागे," धाकटी म्हणाली. "दोन वाक्यं बोलायची न् मोकळं व्हायचं. देव बघतोय सगळं."

"बघतोय गं. पण त्याला बैठकीला कुठे बोलावलंय? सोमवारी ती टायपिस्ट पोरगी कामावर येतेय. तिची रजा मीच भरणार. समोर बसवून विचारू तिला, बाई, नाव काय लिहू म्हणून?"

धाकटीने डबे दुसऱ्या हातात घेतले. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती घरासाठी शांतता मागायची. आज मात्र तो शब्द मनातही आणवेना.

घराच्या फाटकाशी थोरली थांबली. कडीवर हात ठेवला, पण उघडली नाही.

"एक करशील? सकाळी देवापुढे बसशील, तेव्हा माझ्यासाठी शहाणपण मागू नकोस." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आवाज माग. ऐन वेळेला माझा गळा दाटून येतो गं."