बाबांचा पाय आणि गाडीचा ब्रेक

मंडळी, आज आमच्या घरातलं भांडण गॅरेजमध्ये मिटलं.

बाबांची गाडी हल्ली सिग्नलला उशिरा थांबायची. वयामुळे पाय संथ झाला असेल, असं समजून मी किल्लीच काढून घेतली. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले.

आज सकाळी मी स्वतः गाडी काढली. द्वारका चौकात ब्रेक पूर्ण दाबला, तरी गाडी पुढच्या रिक्षाला टेकता टेकता थांबली. तशीच हळूहळू गॅरेजला नेली.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, ब्रेक पॅड पार झिजलेत."

नवे पॅड बसवले आणि घरी येऊन किल्ली बाबांच्या हातात दिली. ते म्हणाले, "चल, मनमाडला तुझ्या आत्याकडे जाऊ. शेजारी बस आणि गप्प बस."

आत्ता आत्याकडूनच लिहितेय. वाटेत मी एकदाही "हळू" म्हणाले नाही. तुमच्या घरी वयाच्या नावावर काय काय खपवलं जातं?