दोन भावांचा शेक

माझे बाबा भाईंदरजवळच्या पालीचे, आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर गेलेले. मानेत गाठ आली म्हणून तपासण्या केल्या आणि डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला. उपचार म्हणजे शेक, सोबत केमो. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात.

शेक म्हटल्यावर बाबा खुर्चीतून उठले. माझ्या काकांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, बऱ्याच वर्षांपूर्वी घशाला शेक घेतला होता. कॅन्सर गेला, पण तोंड कायमचं कोरडं पडलं, दात गेले, चार शब्द बोलले की पाण्याचा घोट लागायचा.

"मला दादासारखं जगायचं न्हाय," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चेहरा काढून दाखवला. "त्यांना दोन्ही बाजूंनी सरळ किरण दिले असतील. लाळेच्या ग्रंथी वाटेतच येतात, त्या जळतात. आता आयएमआरटी आहे. किरण बऱ्याच बाजूंनी येतात, कुठे जास्त, कुठे कमी. गाठीला पूर्ण डोस, ग्रंथींना जमेल तेवढा कमी."

"म्हणजे कॅन्सर जास्त नक्की बरा होतो?" मी विचारलं.

"तसं नाही म्हणणार. त्यात जुनी पद्धतही कमी नव्हती. फरक पडतो तो नंतरच्या खाण्याबोलण्यात. तोही सगळ्यांना सारखा नाही."

आयएमआरटीचं हॉस्पिटल लांब होतं. बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, आपण कुठेच जाणार नाही.

मी काकांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी भाईंदर पश्चिमेला माझ्या घरी आले; बाबा तेव्हा माझ्याकडेच होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मागितला, तोंडात टाकला आणि बाबांसमोर चावत बसले. तुकडा खाली जाईना. शेवटी पाण्यासोबत ढकलला.

"असा खातोय मी," ते म्हणाले. "पण जेवतोय ना? नातवंडं बघितली ना? तुला बरं मशीन मिळतंय, तर तू रुसून बसलास."

सोमवारी बाबा स्वतःच चपला घालून हॉस्पिटलला जायला दारात उभे राहिले.

तिथे त्यांच्या चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून मुखवटा बनवला, शेक घेताना डोकं हलू नये म्हणून. त्यात त्यांचा जीव घाबरायचा. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं, मग चव गेली. पाणी पितानाही डोळ्यांत पाणी यायचं. "नवीन मशीन म्हणालात," ते माझ्यावरच खेकसले. मलाही वाटलं, आपण उगाच एवढ्या लांब आणलं का. शेवटी नाकातून नळी घालून दूध द्यावं लागलं.

शेक संपल्यावरही बरेच दिवस काही फरक दिसला नाही. मग हळूहळू जिभेवर ओल यायला लागली. पूर्वीइतकी नाही, झोपेत तोंड अजून सुकतं. पण सुक्या बोंबलाच्या चटणीची चव लागली, तेव्हा त्यांनी परत वाढून घेतली. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही.

आता ते पालीला आहेत. बोटीवर जात नाहीत, जाळी विणतात. संध्याकाळी काका येऊन बसतात. एकदा बाबा मासळीच्या भावावरून तावातावाने बोलत होते, मध्ये पाण्याचा घोटही न घेता. काका बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझ्या वेळी हे नव्हतं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी चहा ठेवायला उठले.