खुबानीचा ताप आणि विशेषणांवर बंदी

पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, तेव्हा आमच्या शहरातली मुसी नदी जागच्या जागी थांबली. तशी ती एरवीही फार वाहत नाही, पण त्या सकाळी माझ्यामुळे थांबली, हे मी शपथेवर सांगतो.

"डिस्टेंपर," डॉक्टर लावण्या म्हणाल्या.

टेबलावर आमची खुबानी पडली होती. वय आठ महिने, रंग सुकवलेल्या जर्दाळूचा. बेगम बाजारात सुक्या मेव्याच्या पोत्यांमागे सापडली म्हणून हे नाव. हिच्या एका भुंकण्यानं काचीगुडा स्टेशनातली गाडी सिग्नल नसताना थांबते, असं मी ऑफिसात सांगत असे. त्या दिवशी तिला शेपूट उचलवत नव्हती.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार. आधी ताप, मग डोळ्यांना-नाकाला चिकट घाण, खोकला, जुलाब. पुढे हा विषाणू मेंदूत शिरू शकतो. मग जबडा आपोआप चावत राहतो, पाय झटके देतात, फिट येतात. यालाच न्यूरॉलॉजिकल लक्षणं म्हणतात, म्हणजे मेंदूची आणि नसांची. डॉक्टरांनी तिच्या कपाळावर बोट ठेवलं. "अंकल, यहाँ गया तो मेरे हाथ में ज्यादा नहीं रहता. अभी नहीं गया दिखता. जो करना है, अब्बीच करना."

आता माझा गुन्हा सांगतो. तुम्ही तो करू नये म्हणूनच हे लिहितोय.

दोन दिवस आधी आम्ही याच दवाखान्यात आलो होतो. तेव्हा नाक वाहत होतं, इतकंच. डॉक्टरांनी विचारलं, "वॅक्सिन हुए?" मी छाती फुगवून म्हणालो, "सब के सब! इतने हुए कि सुईवालाच थक गया!" झालं. त्यांनी साधी सर्दी समजून औषध दिलं.

खरी गोष्ट अशी की गल्लीत एकदा शिबिर लागलं होतं आणि तिला फक्त रेबीजची सुई टोचली होती. पण ती सुई मी पानाच्या टपरीवर तीन केली, ऑफिसात सात केली आणि साडूकडच्या बारशात चौदा. चौदा वेळा सांगितल्यावर माणसाचा स्वतःचाही विश्वास बसतो. पुढे ताप चढला आणि उतरेना, तेव्हा माझ्या बायकोनं, सुनंदानं, ज्वारीच्या डब्याखालून कार्ड काढलं. त्यावर एकच स्टिकर.

"अहो, चौदा कुठायत?" एवढंच ती म्हणाली. तिचं "अहो" कधीकधी पोलिसांच्या शिट्टीसारखं वाजतं.

डिस्टेंपरची लस वेगळी असते. रेबीजची दिली म्हणजे झालं, असं समजू नका.

विषाणूला मारणारं औषध नाही. असते ती सपोर्टिव्ह ट्रीटमेंट, म्हणजे लढणाऱ्या शरीराला रसद पोचवणं. रोज सकाळी सलाईन. अँटिबायोटिक, पण ते विषाणूसाठी नव्हे, अशक्तपणाचा फायदा घेऊन फुफ्फुसात घुसणाऱ्या जिवाणूंसाठी. नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं नाकाशी धरायचं. उलटी थांबवायची सुई. कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसायचे.

हा आजार इतर कुत्र्यांना लागतो, म्हणून आम्हाला वेटिंग रूमची बंदी होती. आम्ही बाहेर ऑटोत बसायचो. सुनंदाच्या मांडीवर खुबानी, माझ्या हातात सलाईनची बाटली. सिग्नलवर शेजारचा स्कूटरवाला विचारी, "क्या हुआ जी?" आणि सिग्नल सुटेपर्यंत मी त्याला अर्धं रामायण ऐकवी.

डॉक्टरांनाही ऐकवायला लागलो. "मॅडम, रात्रभर तिचं अंग असं तापलं, की पोटावर पोळी भाजली असती!"

त्यांनी हात वर केला. "अंकल, कथलु वद्दु." तेलुगूत, गोष्टी नकोत. "टाइम बोलो, टेंपरेचर बोलो. आपकी कहानी पे मैं दवा नहीं दे सकती. एक बार दी ना?"

तो टोला बरोबर बसला. सुनंदानं येतानाच दोनशे पानी वही घेतली, पहिल्या पानावर लिहिलं, "विशेषणं बंद", आणि पेन माझ्या हातात दिलं. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षा म्हणजे हलवायाला साखरबंदी.

"सकाळी सात. १०४. पाणी प्यायली नाही." असं लिहिताना माझे दात दुखायचे.

चौथ्या दिवशी ताप उतरला. खुबानीनं दोन चमचे दहीभात चाटला. मी जिना चढून वरच्या मजल्यावरच्या हबीबचाचांना सांगून आलो की आजार शहर सोडून पळाला. चाचा म्हणाले, "मियाँ, तुम्हारा बुखार उतरा क्या पहले?" त्यांचा टायगर नावाचा कुत्रा आहे. त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी लस टोचून आणली होती आणि आमच्या जिन्याला फिनेल मारलं होतं.

मी गोळ्या बंद करायच्या विचारात होतो. सुनंदा म्हणाली, "वही काय म्हणते ते बघू." सहाव्या दिवशी वहीत आलं: "दुपारी तीन. १०३.८." या आजारात ताप एकदा उतरून पुन्हा चढतो. बरेच जण तिथंच फसतात. आम्ही तासाभरात दवाखान्यात होतो. छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरांनी औषध बदललं. वही पाहून म्हणाल्या, "हौ, अब समझी."

मग अकरावी दुपार. खुबानी फरशीवर झोपली होती. एकाएकी तिचा मागचा डावा पाय उडाला. पुन्हा उडाला. मोठ्यानं ओरडावं, गल्ली गोळा करावी, असं वाटलं. पण हातात वही होती. मोबाईलवर चित्रण केलं आणि लिहिलं:

"दोन दहा. झोपेत. मागचा डावा पाय. चार वेळा. हाक मारल्यावर उठली. जागेपणी नाही. जबडा ठीक."

ऑटोत मी ती नोंद तीनदा वाचली, एकही विशेषण न वाढवता.

डॉक्टरांनी चित्रण दोनदा पाहिलं. वही वाचली. तिला उभं केलं, चालवलं, डोळ्यांत टॉर्च टाकला, जबडा धरून पाहिला. मग हसल्या. "अंकल, ये तो सपना देख रही. झटका जागते में भी चलता, हाक से नहीं रुकता. आपने लिखा नहीं रहता तो मैं फिट की दवा शुरू करती शायद."

सुनंदा रडली. मी रडलो नाही. मी एवढा रडलो नाही, की ऑटोवाल्यानं वायपर चालू केले.

त्याला आता तीन महिने झाले. मेंदूची लक्षणं उशिरानंही येऊ शकतात, खात्री कुणी देत नाही, म्हणून वही चालू आहे. नाकाचं कातडं जरा जाड झालंय, बाकी खुबानी खणखणीत. तब्येत भरून आल्यावर उरलेल्या लशी झाल्या. कार्डावर खरे स्टिकर आहेत. हबीबचाचांनी त्या आनंदात खरोखरच्या खुबानीचा मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, पाठवला. ते माणसांनी खाल्लं.

तुमच्या घरी पिल्लू असेल तर आज कार्ड काढून वाचा. आठवणीवर जाऊ नका, विशेषतः आठवण माझ्यासारखी असेल तर. आणि दवाखान्यात जे घडलं तेवढंच सांगा. डॉक्टर लावण्यांचे आभार मी कसे मानू? त्यांनी माझी कुत्री वाचवली आणि माझ्याकडून एक खरी गोष्ट लिहून घेतली. दुसरं काम जास्त अवघड होतं.

काल संध्याकाळी खुबानी गॅलरीतून भुंकली आणि स्टेशनातली गाडी थांबली.

वहीत लिहिलंय: "सहा वाजता. भुंकली. एकदा." खाली सुनंदाचं अक्षर: "बरोबर. गाडीची तीच वेळ आहे."