वरचं खाचर

माणसाची अक्कल दारूनं जाते, उपाशीपोटी जाते, असं लोक म्हणतात. माझी भर सकाळी, भाकरी खाऊन, चांगला शुद्धीत असताना गेली.

वलवणच्या अंगाला आमची भाताची दोन खाचरं. वर्षाचं पोट त्यांच्यावरच. जपानी लावणीचं वारं आलं तेव्हा तळेगावहून एक पोरगेला ग्रामसेवक आला आणि पारावर सांगू लागला, रोपं दोरी धरून ओळीत लावा, भात वाढंल. मी दुसरीतून शाळा सोडलेली, पण भात लावायला मला शिकवणारा अजून जन्मायचा होता. सगळ्यांदेखत म्हणालो, दोन्ही रीती माझ्याच शेतात लावू, मग बघू. गावाला ते फार शहाणपणाचं वाटलं. मलाही.

ओळीसाठी मी वरचं मुरमाड खाचर दिलं. माझ्या रीतीला खालचं, गाळाचं. त्यात उन्हाळ्यात खतासाठी धनगराच्या मेंढ्याही बसवल्या होत्या.

बायको म्हणाली, "अवं, ही पारख हाय का त्या पोराची फजिती?"

मी म्हणालो, खाचर ते खाचर.

कापणीला अर्थातच खालचं जिंकलं. पोरगा वहीत काहीतरी लिहून निघून गेला. आणि माझीच रीत जिंकली, हे मी पारावर इतक्यांदा सांगितलं, की मेंढ्या खरोखरच विसरलो. पुढच्या साली दोन्हीकडं माझीच रीत. वरच्या खाचरात निम्मं पळंज, दाणा न भरलेलं पोकळ भात निघालं, होळीलाच घरातला तांदूळ सरला. मी पावसाला शिव्या दिल्या.

शेजारच्या शेतकऱ्याला सही येत नव्हती. बांधावर टेकून त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, ह्याच वरच्या खाचरात त्या पोरानं लावलं तवा किती भारे झालते?"

औंदापेक्षा जास्त झाले होते. मी त्याला म्हणालो, तू आधी सही शिक. तो सही शिकला नाही, पण आपल्या खाचरात त्यानं दोरी धरली.

तिसऱ्या साली मीही धरली. कुणी विचारलंच तर बांध सरळ करतोय म्हणायचं, असं ठरवून ठेवलेलं. तोच शेजारी वाटेनं चालला होता. त्यानं विचारलं, काय चाललंय? दोरीचं दुसरं टोक बायकोच्या हातात. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली.

"जपानी लावतोय. दोन वर्सं लय इचार केला ह्यांनी."

तो बांधापलीकडं जाईपर्यंत मी वाकून रोपंच लावत राहिलो.