अख्खं सीताफळ

अंबाजोगाईच्या बसस्थानकाबाहेर ती सीताफळं विकायची. रोज आम्ही दोन शब्द बोलायचो, पण मी तिचं नाव कधी विचारलं नाही. उललेली, काळी पडलेली फळं ती घरी न्यायला बाजूला ठेवायची. नवऱ्याच्या ऑपरेशनचं कर्ज फिटेपर्यंत चांगलं फळ घरी न्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

"माझ्या पोरीला वाटतंय, सीताफळ झाडालाच उललेलं लागतं," ती एकदा हसत म्हणाली.

मी एक अख्खं फळ विकत घेऊन तिच्याच हातात दिलं. "पोरीला न्या."

तिनं ते पदरानं पुसलं, दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ बघितलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या ताई. तिला पहिलं अख्खं फळ मीच देणार हाय."

यंदा ती तिथं दिसत नाही. घरी सीताफळ आणलं की फोडायच्या आधी मी ते थोडा वेळ नुसतंच धरून बसते.